दुसऱ्याचं होम फोल्डर कुठं आहे? अंदाज नको, दप्तर बघा

परभणीकडच्या एका कॉलेजात मी लिनक्सची प्रॅक्टिकलं घेतो. नवी बॅच आली की पहिल्या पंधरवड्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, पार्टनर फाइल हाय म्हणायलाय, पण त्याचं फोल्डरच सापडंना." बघावं तर पोरगं /होम मध्ये जाऊन वरपासून खालपर्यंत यादी वाचत बसलेलं असतं आणि यादीत पार्टनरचं नाव नसतं. पलीकडच्या खुर्चीवरून पार्टनर ओरडतो, "अरे, आत्ताच सेव्ह केली ना मी!" खोटं दोघंही बोलत नसतात. शोधणाऱ्यानं पत्ता अंदाजानं काढलेला असतो, एवढंच.

घरी एक कॉम्प्युटर आणि वापरणारे आपणच, अशा सवयीतून आलेल्यांना हे लवकर उमगत नाही. लॅबमधल्या चाळीस खुर्च्यांवर चाळीस जण बसलेले असले तरी सगळे एकाच सर्व्हरवर लॉगिन झालेले असतात. प्रत्येकाला आपापलं एक होम फोल्डर असतं. ते बहुतेक वेळा /होम च्या खाली आणि खात्याच्याच नावानं असतं. पण 'बहुतेक वेळा' आणि 'नेहमी' यांच्यातल्या फटीत अर्धा तास कसा जातो, ते कळतही नाही.

पुढं जाण्याआधी एक सूचना. कमांड मी इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, पण टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरंच वापरायची. कमांड पहिल्यांदा आली की तिचं स्पेलिंगही सांगतो. उदाहरणातल्या खात्यांना खऱ्या मुलांची नावं न देता आपल्याकडच्या पिकांची दिली आहेत. तुम्ही 'ज्वारी' नावानं लॉगिन झालेले आहात आणि तुम्हाला 'तूर'चं घर शोधायचंय, असं धरून चला.

पहिली पायरी: नागमोडी खूण

कीबोर्डवर एकच्या आकड्याच्या डावीकडं, टॅबच्या वर एक बटण आहे. शिफ्ट धरून ते दाबलं की ~ ही खूण उमटते. तिचं नाव टिल्ड, आमची पोरं तिला 'नागमोडी' म्हणतात. टर्मिनलमध्ये हे टाइप करा:

एको ~तूर

एको म्हणजे ई-सी-एच-ओ, पुढं दिलेलं जसंच्या तसं छापणारी कमांड. पण ती चालायच्या आधीच शेल, म्हणजे तुमच्या कमांड वाचून घेणारा प्रोग्रॅम, ~तूर च्या जागी तूरच्या होम फोल्डरचा पूर्ण पत्ता घालतो. उत्तर येतं:

/डिस्क२/विद्यार्थी/तूर

बघा, /होम चा इथं संबंधच नाही. यादीत नाव कसं सापडणार?

या इवल्याशा खुणेत तीन ठिकाणी पाय घसरतो, आणि दर वर्षी त्याच तीन ठिकाणी. एक, मध्ये जागा सोडणं. एको ~ तूर असं लिहिलं तर नुसती ~ म्हणजे तुमचं स्वतःचं घर. मग उत्तरात ज्वारीचा पत्ता येतो आणि पुढं 'तूर' हा शब्द कोरडाच छापला जातो. दोन, मध्ये तिरकी रेघ घालणं. ~/तूर याचा अर्थ 'माझ्या घरातलं तूर नावाचं फोल्डर', तूरचं घर नव्हे. ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण लिहिलेलं दिसायला अगदी बरोबर दिसतं. तीन, अवतरण चिन्हं. "~तूर" असं अवतरणात लिहिलं की शेल त्याला हातच लावत नाही, खुणेसकट तसंच छापून मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तूर नावाचं खातंच नसेल, तर बॅश शेल तक्रार करत नाही. ~तूर हेच शब्द तुम्हाला परत देतो. म्हणजे उत्तरात खूण तशीच दिसली, तर एक तर अवतरणं लागली आहेत किंवा नाव चुकलंय. झेडशेल मात्र असा यूजर नाही म्हणून स्पष्ट सांगतो. नाव अर्धवटच आठवत असेल तर बॅशमध्ये ~तू एवढं टाइप करून टॅब दाबा. जुळणारं एकच नाव असेल तर ते पूर्ण होतं, जास्त असतील तर दोनदा टॅब दाबल्यावर यादी दिसते.

घरासाठी हीच खूण का, याची गोष्ट मजेशीर आहे. १९७६ साली बाजारात आलेल्या एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर (तेव्हा टर्मिनल म्हणजे पडदा आणि कीबोर्ड असलेलं यंत्रच) 'होम' लिहिलेलं बटण आणि ही खूण एकाच बटणावर होती. बर्कले विद्यापीठात सी शेल लिहिणारा बिल जॉय ज्या टर्मिनलवर काम करायचा, ते हेच. तिथल्या सी शेलमधून ~ चा हा वापर रुळला. बटणावरचं 'होम' कधीच गेलं, खूण राहिली.

दुसरी पायरी: सात रकान्यांचा उतारा

~ नं पत्ता मिळतो, पण तो येतो कुठून? नोंदवहीतून. माझं खरं म्हणणं इथंच आहे, म्हणून इथं थोडं थांबू.

टाइप करा:

गेटएंट पासडब्ल्यूडी तूर

पहिला शब्द जी-ई-टी-ई-एन-टी, दुसरा पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी. उत्तरात एकच ओळ येईल:

तूर:एक्स:१००७:१००७:दुसरं वर्ष:/डिस्क२/विद्यार्थी/तूर:/बिन/बॅश

शेत कुणाचं हे बांधावर उभं राहून ठरत नाही, सातबारा काढावा लागतो. ही ओळ म्हणजे त्या खात्याचा उतारा. रकाने मोजून सात, मध्ये विसर्गासारख्या दोन टिंबांची खूण. पहिल्यात खात्याचं नाव. दुसऱ्यात कधीकाळी पासवर्डचं गुंतागुंतीचं रूप असायचं. ही वही सगळ्यांना वाचता येते म्हणून ते पुढं शॅडो नावाच्या वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये हलवलं, आणि इथं फक्त एक्स उरला. तेव्हा ही ओळ बघून कुणाचा पासवर्ड कळेल, ही आशा किंवा भीती दोन्ही सोडा. तिसऱ्यात यूजरचा क्रमांक, चौथ्यात ग्रुपचा. पाचव्यात माणसाचं नाव वगैरे लिहायची मोकळी जागा असते. सहाव्यात होम फोल्डरचा पत्ता. सातव्यात लॉगिन झाल्यावर सुरू होणारा शेल.

पाचव्या रकान्याला अजूनही गेकॉस म्हणतात. जनरल इलेक्ट्रिकच्या एका जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचं ते नाव. बेल लॅबमधले लोक छपाईची कामं त्या मशीनकडं पाठवत आणि त्यासाठी लागणारी तिथल्या खात्याची माहिती या रकान्यात ठेवत. ते मशीन गेलं, रकान्याला चिकटलेलं नाव गेलं नाही.

फक्त पत्ताच हवा असेल तर सहावा रकाना कापून घ्या:

गेटएंट पासडब्ल्यूडी तूर | कट -डी: -एफ६

मधली उभी रेघ म्हणजे पाइप. डावीकडचं उत्तर उजवीकडच्या कमांडला देते. कट म्हणजे सी-यू-टी. -डी नंतर रकाने कशानं वेगळे केलेत ते लिहायचं, -एफ नंतर कितवा रकाना ते.

जुनेजाणते विचारतील, एवढं कशाला? /ईटीसी/पासडब्ल्यूडी ही फाइल उघडून त्यात नाव शोधलं की झालं. एकट्या मशीनवर तेही चालतं. पण नुसतं 'तूर' शोधलंत तर 'तूरडाळ' नावाचं खातंही वर येईल. ते निभावून नेता येईल. खरी अडचण वेगळी आहे. ती फाइल म्हणजे त्या एका मशीनचं दप्तर. कॉलेज थोडं मोठं असलं की खाती मध्यवर्ती ठिकाणी, बहुधा एलडॅप सर्व्हरवर (सगळ्यांच्या खात्यांची एकच सामायिक वही) ठेवतात, म्हणजे विद्यार्थी कुठल्याही लॅबमध्ये बसला तरी खातं एकच. ती नावं या मशीनच्या फाइलमध्ये नसतातच. कुठल्या दप्तरात आधी बघायचं आणि कुठल्या नंतर, हे /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. गेटएंट त्या क्रमानं सगळीकडं विचारून येते. गावच्या तलाठ्याकडं नोंद नाही मिळाली तर तहसीलला जाऊन येणारा माणूस म्हणा हवं तर.

नाव नेमकं द्या, लहान-मोठ्या अक्षरांसकट. नाव सापडलं नाही तर गेटएंट गप्प बसते. लगेच एको $? (आधीच्या कमांडचा निकाल आकड्यात सांगणारी खूण) टाइप केलं आणि २ दिसले, तर अशी नोंद नाही असं समजा. नाव न देता नुसतं गेटएंट पासडब्ल्यूडी म्हटलं तर यादी येते, पण मध्यवर्ती खाती असतील तिथं ती पुष्कळदा अपुरी असते. सगळ्यांची यादी द्यायची नाही, असं बऱ्याच ठिकाणी ठरवलेलं असतं. एकेकाचं नाव घेऊन विचारलं तर उत्तर मिळतं.

नावाऐवजी क्रमांकही चालतो. गेटएंट पासडब्ल्यूडी १००७ म्हटलं तरी तूरच येईल. एखाद्या फाइलच्या मालकाच्या जागी नावाऐवजी नुसता आकडा दिसला, तर त्या क्रमांकाची नोंद दप्तरात उरलेली नाही. खातं काढलं, फाइली राहिल्या. यातूनच एक छुपा सापळा तयार होतो. खात्याचं नावच सगळं आकड्यांचं असेल, समजा रोल नंबर २३०१, तर गेटएंट त्याला नाव न समजता यूजर क्रमांक समजते. म्हणून रोल नंबरावरून खाती काढायची असली तर आधी एखादं अक्षर लावा.

तिसरी पायरी: स्क्रिप्टमध्ये

हाताने टाइप करताना ~ पुरते. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांडा लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये, नाव व्हेरिएबलमध्ये असतं आणि ~$नाव असं लिहिलं की बॅशमध्ये ते चालत नाही. शेल आधी ~ बघतो, व्हेरिएबलची किंमत नंतर भरतो. ~ बघायची वेळ होती तेव्हा पुढं नाव नव्हतंच. यावर इव्हॅल (ई-व्ही-ए-एल) नावाचा तोडगा पुष्कळ जण सांगतात. तो करू नका. इव्हॅलला दिलेला मजकूर कमांड म्हणून चालतो, आणि नावाच्या जागी कुणी भलतंच काही लिहिलं तर तेही चालून जाईल. त्याऐवजी:

घर=$(गेटएंट पासडब्ल्यूडी "$नाव" | कट -डी: -एफ६)

अवतरणं विसरू नका. ती नसली आणि नाव रिकामं निघालं, तर गेटएंट अख्खी यादी ओतते आणि 'घर' मध्ये गावभरचे पत्ते जमा होतात. पुढच्या ओळीत 'घर' रिकामं नाही ना, हे तपासा. ते रिकामं असताना "$घर/प्रॅक्टिकल" चं नुसतं /प्रॅक्टिकल होतं, म्हणजे थेट मुळाशी. तिथं पुसापुशीची कमांड असेल तर काय होईल, ते सांगायला नको. पायथॉन वापरत असाल तर पीडब्ल्यूडी मॉड्यूलमधलं गेटपीडब्ल्यूनॅम हे फंक्शन हेच काम करतं. उत्तरातला पीडब्ल्यू_डिर म्हणजे पत्ता.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, तोंड पोळलंय म्हणून सांगतोय. एका दिवाळीच्या सुट्टीत सर्व्हरची पहिली डिस्क भरली. मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांची घरं दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली आणि नोंदवहीत पत्ते बदलले. जुनी फोल्डरं, असू द्या म्हणून, /होम मध्येच ठेवली. प्रॅक्टिकलच्या फाइली गोळा करणारी माझी स्क्रिप्ट मात्र पूर्वीसारखीच /होम/नाव असा पत्ता स्वतःच जुळवत होती. तिला जुनी फोल्डरं सापडली, तिनं जुन्या फाइली निमूट उचलल्या. एकही एरर नाही. दिवाळीआधीच्या अर्धवट प्रोग्रॅमवर मी वर्गभर मार्क देऊन बसलो. एका मुलीनं येऊन विचारलं, "सर, ते फंक्शन तर मी पूर्ण केलं होतं ना?" तेव्हा कुठं उलगडा झाला. फोल्डर सापडलंच नसतं तर बरं झालं असतं, निदान स्क्रिप्ट ओरडली तरी असती.

घर हलवायचं तर यूजरमॉड (यू-एस-ई-आर-एम-ओ-डी) कमांडला -डी आणि -एम दोन्ही द्या. नुसतं -डी दिलं तर फक्त नोंद बदलते. -एम दिलं की सामानही नव्या जागी जातं आणि जुनं फोल्डर मागं राहत नाही.

चौथी पायरी: घर आहे का, दार उघडं आहे का

पत्ता मिळाला म्हणजे तिथं घर असेलच असं नाही. डेबियनवर आणि त्यावर बेतलेल्या सिस्टीमवर, आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही त्यातलंच, नवं खातं काढणारी यूजरअॅड (यू-एस-ई-आर-ए-डी-डी) ही कमांड -एम दिल्याशिवाय फोल्डर करतच नाही. उतारा तयार, जागेवर घर नाही. म्हणून बघा:

एलएस -एलडी ~तूर

स्पेलिंग एल-एस. -एलडी मुळं आतली यादी न येता त्या फोल्डरचीच माहिती येते. काही ठिकाणी होम फोल्डरं दुसऱ्या मशीनवर असतात आणि गरज पडेल तेव्हाच जोडली जातात. तिथं /होम ची यादी रिकामी दिसते, पण ~तूर म्हणून नेमकं बोलावलं की फोल्डर हजर होतं. यादीत नाव नाही म्हणून घर नाही असं समजणारे इथंही फसतात.

आता परवानग्या. एलएसच्या ओळीच्या सुरुवातीला आर, डब्ल्यू, एक्स अशी अक्षरं असतात. आकड्यात सांगायचं तर ७५५ असेल तर कुणीही आत येऊन यादी बघू शकतं. ७५० असेल तर मालक आणि त्याच्या ग्रुपमधले. ७०० असेल तर फक्त मालक. उबंटूनं २१.०४ पासून नव्या खात्यांची घरं ७५० नं करायला सुरुवात केली. त्यामुळं जुन्या सर्व्हरवर जे सहज उघडत होतं, ते नव्यावर 'परमिशन डिनाइड' म्हणून दार लावतं. बिघाड नाही तो. आणि एक मधला प्रकार आहे ७११. माळवदाच्या जुन्या घरासारखा: ढेलजेतून आत जाता येतं, पण आत अंधार. काय काय ठेवलंय ते दिसत नाही. नेमकी वस्तू कुठं आहे हे आधीच माहीत असेल, आणि त्या वस्तूवर परवानगी असेल, तरच हाती लागते. वाटेत कुठल्या फोल्डरवर अडलंय ते कळत नसेल तर नेमआय -एल ~तूर ही कमांड प्रत्येक टप्प्याची परवानगी एकेका ओळीत दाखवते. तिचं स्पेलिंग एन-ए-एम-ई-आय.

दार बंद असेल तर मालकाला विचारायचं. इथं पोरं जे करतात ते मात्र थांबवा: पार्टनर उदार होऊन आपल्या अख्ख्या घराला ७७७ लावतो. त्यानंतर वर्गातलं कुणीही त्याच्या फाइली पुसू शकतं. वर दुसऱ्या दिवशी तक्रार येते की किल्लीनं (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या फाइलीनं) होणारं एसएसएच लॉगिन, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरवर येणं, बंद पडलं. दुसऱ्यांना लिहिता येईल अशा घरातल्या किल्ल्यांवर एसएसएच सर्व्हर विश्वासच ठेवत नाही. बरोबरच करतो. एकच फाइल द्यायची असेल तर तूरनं ती दोघांच्या ग्रुपच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवावी. तसं फोल्डर नसेल तर लॅबवाल्याकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम असतं. आणि कुणी चुकून दार उघडं ठेवलंय म्हणून आतल्या फाइली चाळायच्या नाहीत, परीक्षेच्या दिवसांत तर नाहीच.

नुसती ~ आणि ~ज्वारी

दोन्ही तुमचीच घरं, मग फरक काय? नुसती ~ एचओएमई नावाच्या व्हेरिएबलकडं बघते. ते लॉगिनच्या वेळी नोंदवहीवरून भरलं जातं, पण नंतर कुणीही बदलू शकतं. ~ज्वारी थेट नोंदवहीला विचारते. दोन्ही एकदा एकोनं छापून बघा. उत्तरं वेगळी आली, तर मधल्या कुठल्या तरी स्क्रिप्टनं तुमचं घर परस्पर बदललंय.

दुसऱ्या सिस्टीमचं थोडक्यात. मॅकवर ~तूर चालतं, गेटएंट नाही. तिथं डीएससीएल नावाची कमांड आहे. विंडोजवर घरं सहसा सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरमध्ये असतात, पण तिथंही नावावर जाऊ नका. एकाच नावाचं प्रोफाइल पुन्हा तयार झालं की फोल्डरच्या नावापुढं मशीनचं नाव किंवा .००० असं शेपूट लागतं.

शेवटी, यादी चाळताना दिसणाऱ्या अनोळखी खात्यांबद्दल. रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचं घर /होम मध्ये नसून /रूट इथं असतं. /होम ची डिस्क जोडली गेली नाही तरी मशीन दुरुस्त करायला रूटला आत येता आलं पाहिजे, म्हणून. पोस्टग्रेस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा ही माणसं नव्हेत, प्रोग्रॅमांची खाती आहेत. माणसांचे क्रमांक साधारण १००० पासून सुरू होतात. आणि डेबियनवर 'नोबडी' नावाच्या खात्याचा उतारा काढलात तर सहाव्या रकान्यात /नॉनएक्झिस्टंट असं दिसेल. गेल्या वर्षी एका पोरानं ते फोल्डर शोधण्यात तास घालवला होता. तो पत्ता मुद्दामच नसलेला दिलाय.